रुंदावलेली मूत्रवाहिनी : चित्र काय सांगते आणि काय सांगत नाही

सातव्या-आठव्या महिन्यात गर्भवती स्त्री सोनोग्राफीसाठी जाते तेव्हा तिच्या मनात बाळाविषयीची उत्सुकता असते. रोगाची शंका बहुधा नसते. मग अहवाल हाती येतो आणि त्यात एक ओळ आढळते : गर्भाच्या डाव्या मूत्रपिंडात फुगवट असून त्या बाजूची मूत्रवाहिनी रुंदावलेली आहे. घरात त्या वाक्याचा अर्थ कोणालाच नीट उमगत नाही. मूत्रपिंड हा शब्द मात्र कळतो आणि तोच धाक घालतो. आमच्या घराण्यात असे कोणाला नव्हते, असे आजी सांगतात. शेजारून कोणी डायालिसिसवर असलेल्या आपल्या नातलगाची हकीगत ऐकवून जाते. आणि ज्याचा अद्याप जन्मही व्हावयाचा आहे त्या बाळाच्या शस्त्रक्रियेची चर्चा घरात सुरू होते.

दोन पिढ्यांपूर्वी अशी ओळ लिहिणे शक्यच नव्हते. तेव्हा मुलाला वारंवार ताप येई, वाढ खुंटे, लघवीत पू सापडे, क्वचित पोटात गोळा हाताला लागे, आणि मग मूत्रमार्गाचा विकार असल्याचे ध्यानात येई. तोवर मूत्रपिंडाची पुष्कळ हानी होऊन गेलेली असे. आज रोगाची लक्षणे दिसण्याच्या कितीतरी आधी चित्र हाती येते. गर्भावस्थेतील तपासणीत शंभरातील सुमारे एक ते पाच बालकांच्या मूत्रपिंडात कमीअधिक फुगवट आढळते. त्यांपैकी थोड्यांमध्ये मूत्रवाहिनीही रुंदावलेली असते. लाभ निर्विवाद मोठा आहे. पण रोगाच्या आधी चित्र येऊ लागल्यामुळे एक नवाच प्रश्न उभा राहिला. चित्रात जे दिसते तो रोगच आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर समजावयाचे तर मूत्रवाहिनी काय करते ते पाहिले पाहिजे. प्रत्येक मूत्रपिंडाच्या आत नरसाळ्यासारखी एक पोकळी असते. तिच्या निमुळत्या टोकापासून मूत्रवाहिनी निघते आणि खाली मूत्राशयाला मिळते. प्रौढ माणसात ही नळी पंचवीस-तीस सेंटिमीटर लांब आणि केवळ तीन-चार मिलिमीटर रुंद असते. ती पाण्याच्या नळासारखी निर्जीव नाही. तिच्या भिंतीत स्नायू आहेत. वरून निघालेली आकुंचनाची लाट खालपर्यंत जाते आणि मूत्राचा छोटासा घोट पुढे ढकलते. मिनिटाला अशा काही लाटा, रात्रंदिवस, माणूस उभा असो की आडवा. शेवटी ही नळी मूत्राशयाच्या भिंतीतून तिरकस शिरते. त्यामुळे मूत्राशय भरला की भिंतीच्या दाबाने नळीचे तोंड आपोआप मिटते आणि मूत्र मागे फिरू शकत नाही. निसर्गाने झडप न बसवताच झडपेचे काम साधले आहे.

सर्वसाधारण मुलामध्ये या नळीची रुंदी ५ मिलिमीटरच्या पलीकडे क्वचितच जाते. ती ७ मिलिमीटर वा त्याहून अधिक भरली की तिला वैद्यकात 'मेगायुरेटर', म्हणजे महामूत्रवाहिनी, म्हणतात. नाव भारदस्त आहे. पण ते मापाचे नाव आहे, रोगाचे नाही, आणि सारा घोटाळा येथूनच सुरू होतो.

श्रोत्यांनी कोकणातील एखादा ओढा डोळ्यांपुढे आणावा. एके ठिकाणी त्याचे पात्र फारच रुंद दिसते. का? कदाचित खाली कोणी बांध घातला असेल आणि पाणी तुंबले असेल. कदाचित जवळ खाडी असेल आणि प्रत्येक भरतीला पाणी उलटे आत चढत असेल. किंवा बांधही नसेल, भरतीही नसेल. कधीकाळी पूर आला, पात्र रुंदावले आणि आता पाणी सुखरूप वाहत असूनही पात्र तसेच राहिले असेल. उंचावरून काढलेले छायाचित्र तिन्ही ठिकाणी सारखेच दिसेल.

मूत्रवाहिनीचे अगदी असेच आहे. काही मुलांत तिच्या अगदी खालच्या, मूत्राशयालगतच्या तुकड्यात स्नायूंची रचना सदोष असते. तेथे आकुंचनाची लाट पोचत नाही. आतून सळई घातली तर ती जाते, पण मूत्र मात्र सुखाने जात नाही. हा अडथळा झाला. काही मुलांत नळीचा तिरकस प्रवेश पुरेसा लांब नसतो, म्हणून लघवी करताना मूत्र उलटे वर चढते; यास रिफ्लक्स म्हणतात. काहींत दोन्ही दोष एकत्र असतात. आणि पुष्कळांत दोहोंपैकी काहीच नसते. गर्भावस्थेत मूत्राचा ओघ जन्मानंतरच्या मानाने कितीतरी मोठा असतो. त्या पुराने नळी ताणली गेली, पुढे खालचा तुकडा परिपक्व झाला, वाट मोकळी झाली, पण रुंदी रेंगाळली. हे सर्व मूळ मूत्रवाहिनीतील दोषांविषयी झाले. दोष मूत्राशयात, त्याच्या खालच्या मार्गात किंवा पाठीच्या कण्यातील मज्जातंतूंत असला तरी वरच्या नळ्या रुंदावतात, आणि तेथे नळ्यांवर उपचार करून काहीच साधत नाही.

म्हणजे निदान करणाऱ्याला तीन वेगळे प्रश्न विचारावे लागतात : नळी किती रुंद आहे, मूत्र उलटे चढते काय, आणि मूत्र पुढे जाण्यास अडते काय. एकाच यंत्राने तिन्हींची उत्तरे मिळत नाहीत. ही गोष्ट समजण्यास वैद्यकाला बरीच वर्षे लागली, आणि ती कशी समजली याचा इतिहासही मनोरंजक आहे.

१८९५ मध्ये रोंटगेनने क्ष-किरणांचा शोध लावला आणि हाडे दिसू लागली. पण मूत्रपिंड आणि मूत्रवाहिनी ही मऊ इंद्रिये किरणांना सावली देत नाहीत. १९०६ मध्ये जर्मनीतील फ्योल्कर आणि फॉन लिश्टेनबेर्ग यांनी खालून नळी घालून चांदीयुक्त द्रव मूत्रवाहिनीत सोडला आणि तिचे चित्र घेतले. चित्र मिळाले, परंतु तो द्रव निर्धोक नव्हता आणि लहान मुलांत हा खटाटोप करणे सोपे नव्हते. हवे होते असे द्रव्य, जे शिरेतून दिले असता मूत्रपिंडाने स्वतःच गाळून मूत्रात आणावे.

ते मिळाले तेही आडवाटेने. बिन्झ आणि रेट या जर्मन रसायनज्ञांनी जंतुसंसर्गावर औषधे म्हणून आयोडीनयुक्त संयुगे तयार केली होती. गाईंच्या कासेच्या विकारावरही त्यांचा वापर होई. मोझेस स्विक हा न्यूयॉर्कचा तरुण डॉक्टर शिष्यवृत्तीवर जर्मनीस गेला होता. हांबुर्गजवळच्या आल्टोना येथील रुग्णालयात हे औषध रोग्यांना दिले जात असताना त्याच्या मनात आले की, यात आयोडीन आहे, आयोडीन किरणांना अडवते आणि द्रव्य मूत्रावाटे बाहेर पडते. तर मग मूत्रमार्गाची सावली का पडू नये? पुढे बर्लिनला त्याच फॉन लिश्टेनबेर्गच्या रुग्णालयात या कल्पनेला रूप आले, 'युरोसिलेक्टन' नावाचे द्रव्य सिद्ध झाले आणि १९२९ मध्ये म्युनिक येथील परिषदेत जगापुढे आले. शोधाचे श्रेय कोणाचे, यावर मग वाद माजला. तरुण स्विकचे नाव मागे पडले आणि त्याच्या वाट्याचा सन्मान त्यास १९६० च्या दशकात, उतारवयात, मिळाला. वरिष्ठ आणि कनिष्ठ यांतील असे वाद केवळ कचेऱ्यांतच होतात असे नाही.

त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे मुलांच्या मूत्रवाहिनीचे निदान म्हणजे ही क्ष-किरण परीक्षा होती. तान्ह्या मुलांत ती मोठी किचकट ठरे. त्यांची मूत्रपिंडे अपक्व असल्याने द्रव्य फिकटच उतरे. आतड्यांतील वायू चित्रावर ढगांसारखा पसरे. यावर क्ष-किरणतज्ज्ञांनी एक गमतीची युक्ती शोधली होती. मुलास फसफसणारे पेय पाजावयाचे, म्हणजे जठर वायूने फुगते आणि त्या मोठ्या, एकसारख्या फुग्यातून मूत्रपिंड स्पष्ट दिसते. मुलास एवढीच गोष्ट काय ती त्या तपासणीत आवडत असावी. नळी फार रुंद असेल तर ती भरण्यास वेळ लागे, म्हणून काही तासांनी, प्रसंगी दुसऱ्या दिवशीही, पुन्हा छायाचित्रे घ्यावी लागत. आज ही तपासणी मुलांत क्वचितच करतात.

तिची जागा ज्या ध्वनिचित्रणाने घेतली त्याचा उगम रुग्णालयात झालाच नव्हता. ग्लासगो येथील प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड यांना कळले की, बाष्पक बनविणाऱ्या कारखान्यात पोलादातील भेगा शोधण्यासाठी मानवी कानास ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींचा उपयोग करतात. १९५५ मध्ये ते शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारींत घालून त्या कारखान्यात गेले. तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा एक मोठा तुकडा पुरविला. गाठीचा प्रतिध्वनी वेगळा, मांसाचा वेगळा. १९५८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह 'लॅन्सेट' साप्ताहिकात आपला निबंध छापला. आज गावोगाव दिसणाऱ्या सोनोग्राफी केंद्रांची ही वंशावळ आहे.

मुलांच्या बाबतीत ध्वनिचित्रणाचे मोल फार मोठे आहे. किरणोत्सर्ग नाही, सुई नाही, भूल नाही. आईच्या मांडीवरही ते करता येते. निरोगी मूत्रवाहिनी त्यात सहसा दिसतच नाही; भरलेल्या मूत्राशयाच्या मागे काळी नळी दिसली म्हणजेच लक्ष वेधले जाते. येथे अनुभवी हात कसा कामी येतो पाहा. ओटीपोटातील रक्तवाहिनीही तशीच काळी नळी दिसते. रंगीत डॉप्लर लावला की रक्ताचा प्रवाह रंगाने उमटतो आणि मूत्रवाहिनी काळीच राहते. नळी वळणे घेत असेल, तिच्यात आकुंचनाच्या लाटा दिसत असतील, तर तेही टिपावयाचे. माप मूत्राशयाच्या मागे घ्यावयाचे. मूत्राशय भरलेला असताना आणि लघवी झाल्यावर, अशा दोन्ही वेळा घ्यावयाचे. मूत्राशय तुडुंब भरला असता वरच्या नळ्या काही काळ फुगतात आणि तो रिता होताच उतरतात. हे ध्यानात न घेता काढलेला निष्कर्ष फसवा ठरतो. मूत्रपिंडाचा गर किती जाड उरला आहे, दुसरे मूत्रपिंड जागेवर आहे की नाही, मूत्राशयाची भिंत जाड झाली आहे काय, हेही त्याच बैठकीत पाहावयाचे. ज्या अहवालात यांपैकी काहीच न लिहिता केवळ 'रुंदावलेली' एवढाच शब्द असतो, तो अहवाल अपुरा समजावा.

वेळेचेही महत्त्व आहे. जन्मल्यानंतर पहिले दोन दिवस बाळाच्या अंगात पाणी कमी असते आणि मूत्रही थोडेच तयार होते. त्यामुळे त्या काळात केलेल्या ध्वनिचित्रणात फुगवट खरोखरीपेक्षा कमी दिसते. घरच्यांना वाटते, दोष नाहीसा झाला. म्हणून एकाच बाजूची फुगवट असेल तर तपासणी अठ्ठेचाळीस तासांनंतर करतात आणि ती ठीक वाटली तरी चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा करतात.

याला एक अपवाद आहे, आणि तो प्राणावर बेतणारा आहे. केवळ मुलग्यांत, मूत्राशयाखालच्या मार्गात, जन्मतःच एक पातळ पडदा आडवा येतो. ह्यू हॅम्प्टन यंग या अमेरिकन शल्यविशारदाने १९१९ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. पडदा कागदासारखा पातळ. पण त्यापायी मूत्राशय जाड व ताठर होतो, दोन्ही मूत्रवाहिन्या फुगतात आणि दोन्ही मूत्रपिंडे जन्माआधीच दुखावतात. ध्वनिचित्रात मूत्राशय आणि त्याखालचा फुगलेला मार्ग मिळून कुलपाच्या छिद्रासारखी आकृती दिसते. अशा बाळाच्या बाबतीत दोन दिवस थांबावयाचे नसते. जन्मताच मूत्राशयात बारीक नळी ठेवून मूत्रास वाट करून देतात आणि निदान पक्के करून दुर्बिणीतून तो पडदा छेदतात.

भारतात या निदानास एक वेगळेच अवघडलेपण आहे. गर्भाचे लिंग सांगणे हा गुन्हा आहे. १९८८ मध्ये महाराष्ट्राने या बाबतीत देशात प्रथम कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला. त्या पडद्याचे नाव अहवालात लिहिले की गर्भ मुलाचा आहे हे न सांगताही सांगितल्यासारखे होते. म्हणून 'मूत्राशयाखाली अडथळा' असे शब्द जपून वापरावे लागतात. कायदा आवश्यक होता आणि आहे, याविषयी दुमत नको. पण मुलीच्या जन्माला नाके मुरडणाऱ्या समाजाने वैद्याच्या शब्दकोशावरही कशी छाया टाकली आहे, हे यातून दिसते.

दुसरा प्रश्न, मूत्र उलटे चढते काय, हा ध्वनिचित्रणाने सुटत नाही. त्यासाठी मूत्राशयात बारीक नळी घालून किरणांना अडविणारा द्रव हळूहळू भरतात आणि मूल लघवी करीत असताना छायाचित्रे घेतात. द्रव किती भरावा यास एक सोपा हिशेब आहे : मुलाच्या वयाच्या वर्षांत दोन मिळवून तीसने गुणावे, तीन वर्षांच्या मुलास दीडशे मिलिलिटर. तान्ह्या बाळास अर्थात वजनाच्या मानाने. द्रव मूत्रवाहिनीत चढला तर तो कोठवर चढतो, नळी किती फुगते, यावरून रिफ्लक्सच्या पाच पायऱ्या ठरल्या आहेत. पहिल्या पायरीत द्रव नळीच्या तळाशीच राहतो. पाचव्या पायरीत नळी नागमोडी फुगते आणि मूत्रपिंडाच्या कप्प्यांचा आकारच मोडतो. मुलग्यांमधील तो पडदाही याच तपासणीत, नेमक्या लघवीच्या क्षणी घेतलेल्या चित्रात, ओळखू येतो.

ही तपासणी मुलास आवडत नाही, आणि पालकांसही नाही. मूल रडते, आई दाराबाहेर रडते. नळीबरोबर जंतू आत जाण्याचा धोका असतो, म्हणून प्रतिजैविकाच्या आवरणाखालीच ती करतात. अलीकडे किरणांऐवजी सूक्ष्म बुडबुड्यांचा द्रव भरून ध्वनिलहरींनी हेच पाहण्याची रीतही निघाली आहे. किरण टळतात, नळी मात्र टळत नाही. म्हणूनच प्रत्येक फुगवटीसाठी ही परीक्षा करू नये असे मत आता बळावले आहे. परंतु मूत्रवाहिनीच रुंदावलेली असेल तर ती टाळणे योग्य नव्हे.

राहिला तिसरा प्रश्न, सर्वांत अवघड : मूत्र अडते काय? याचे उत्तर अणुविज्ञानाने दिले. १९३७ मध्ये सिसिलीतील पालेर्मो येथे पेरिएर आणि सेग्रे यांनी, कॅलिफोर्नियातून आलेल्या मॉलिब्डेनमच्या एका पत्र्यात, एक नवे मूलद्रव्य शोधून काढले. मानवी प्रयत्नाने निर्माण झालेले ते पहिले मूलद्रव्य, म्हणून त्याचे नाव टेक्नेशियम. त्याचा एक प्रकार सहा तासांत निम्मा होतो. म्हणजे काम होईपर्यंत टिकतो आणि काम झाल्यावर रेंगाळत नाही. मूत्रपिंड जे गाळून बाहेर टाकते अशा संयुगास तो जोडून शिरेत सोडला की बाहेर ठेवलेला कॅमेरा त्याचा प्रवास मिनिटामिनिटाला मोजतो. मुंबईत १९६३ मध्ये अणुशक्ती विभागाचे रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले तेव्हापासून ही विद्या भारतात रुजली.

या परीक्षेतून दोन गोष्टी कळतात. पहिली, एकूण कामापैकी कोणते मूत्रपिंड किती काम करते. दोन्ही निरोगी असतील तर वाटणी सुमारे निम्मी-निम्मी. फुगलेल्या बाजूचा वाटा चाळीस टक्क्यांच्या खाली असेल तर काळजीचे कारण. हा आकडा बराच विश्वसनीय असतो. दुसरी गोष्ट, भरलेले द्रव्य किती लवकर रिते होते. त्यासाठी मूत्र वाढविणारे फ्युरोसेमाइड हे औषध देतात. निम्मे द्रव्य दहा मिनिटांच्या आत निघून गेले तर वाट मोकळी; वीस मिनिटांहून अधिक लागली तर अडथळ्याचा संशय; मधले सारे संदिग्ध.

आणि येथेच सावधगिरी हवी. तोटी तेवढीच असली तरी घागरीपेक्षा हौद रिता होण्यास अधिक वेळ लागतो. म्हणून हौदाची तोटी चोंदली आहे असे कोणी म्हणत नाही. रुंद मूत्रवाहिनी हा हौद आहे. ती निखळ मोकळी असली तरी द्रव्य त्यात घोटाळत राहते आणि आलेखाची रेषा सपाट दिसते. शिवाय महिन्याभराच्या आतील बाळाची मूत्रपिंडे अपक्व असल्याने फ्युरोसेमाइडला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. म्हणून ही परीक्षा बहुधा चार ते सहा आठवड्यांनंतर करतात. मूल पुरेसे पाणी प्यालेले असावे, मूत्राशय रिता असावा, आणि शेवटी मुलास उभे धरून, लघवी झाल्यानंतर पुन्हा एक चित्र घ्यावे. आडवे असताना न हललेले द्रव्य उभे धरताच खाली उतरते असा अनुभव नेहमीचा आहे. एवढ्या एका चित्राच्या आळसापायी एखाद्या मुलावर शस्त्रक्रियेचा शिक्का बसू शकतो.

१९७३ मध्ये केंब्रिजच्या रॉबर्ट व्हिटेकर यांनी हा प्रश्न सरळ दाबानेच सोडविण्याचा प्रयत्न केला. मूत्रपिंडात सुई घालून मिनिटास दहा मिलिलिटर द्रव सोडावयाचा आणि दाब किती चढतो ते पाहावयाचे. तर्क बिनतोड, पण तान्ह्या मुलाच्या पाठीत सुई घालून निसर्गात कधीच नसतो एवढा प्रवाह सोडावयाचा, हे फारसे कोणास रुचले नाही, आणि ती परीक्षा आता क्वचितच होते.

सारांश काढावयाचा तर अडथळ्याची एकच एक खात्रीची खूण आजही कोणापाशी नाही. म्हणून वैद्यकाने काळालाच साक्षीस बोलावले आहे. पूर्वी रुंद नळी दिसली की ती कापून, निमुळती करून मूत्राशयात नव्याने बसवीत. त्या काळी निदान लक्षणांवरून होई आणि आलेली मुले खरोखर आजारी असत. गर्भावस्थेतील चित्रे मिळू लागल्यावर ध्यानात आले की, यांतील बहुसंख्य मुलांची रुंदी काही वर्षांत आपोआप निवळते. दहा मिलिमीटरच्या पलीकडची नळी निवळण्याचा संभव कमी असतो, पण तीही काही वेळा निवळते. २०१४ मध्ये ब्रिटिश बालमूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने जे एकमताचे निवेदन काढले त्याचा रोख असाच आहे : सुरुवातीस वाट पाहावी, मूत्रपिंडाचा वाटा चाळीस टक्क्यांच्या खाली असेल, किंवा लागोपाठच्या परीक्षांत घसरत असेल, किंवा औषध चालू असताना तापासह संसर्ग होत असेल, वेदना होत असतील वा फुगवट वाढत असेल, तर हस्तक्षेपाचा विचार करावा. वर्षाच्या आतील बाळाचा मूत्राशय एवढा लहान असतो की त्यात रुंद नळी नव्याने बसविणे अवघड जाते. मग बारीक नळी ठेवून किंवा अन्य तात्पुरत्या उपायांनी वेळ मिळवितात.

वाट पाहणे म्हणजे स्वस्थ बसणे असा मात्र आपल्याकडे समज होतो. पहिल्या वर्षात संसर्गाचा धोका सर्वांत अधिक असतो, म्हणून पुष्कळ बाळांना रोज अल्प मात्रेत प्रतिजैविक देतात. कारण न समजणारा ताप आला की त्याच दिवशी लघवी तपासली पाहिजे. दात येत आहेत, दृष्ट लागली, हवा बदलली, अशा समजुतींत दोन-तीन दिवस जातात आणि तेवढ्यात मूत्रपिंडावर कायमचा व्रण उमटू शकतो.

या सर्व विवेचनात एका मुलीचा उल्लेख राहून जाऊ नये. ती एक नव्हे. अशा मुली ठिकठिकाणी आहेत. वय पाच-सहा वर्षांचे. ती नेहमीप्रमाणे लघवीस जाते, तरी तिचा परकर सदा ओलसर. आई रागावते, शाळेत मुली तिच्याशेजारी बसत नाहीत, कोणी जंताचे औषध देते, कोणी आळस म्हणून मार देते. अंथरुणात लघवी करणारे मूल दिवसा कोरडे असते. ही मुलगी कधीच कोरडी नसते. या एका प्रश्नावर निदान उभे आहे. तिच्या एका मूत्रपिंडास दोन मूत्रवाहिन्या असतात आणि वरच्या भागाची नळी मूत्राशयात न उघडता त्याच्याही खाली, लघवी रोखणाऱ्या स्नायूच्या पलीकडे उघडते. तो भाग एवढा छोटा आणि त्याचे काम एवढे थोडे असू शकते की ध्वनिचित्रात तो निसटतो. चुंबकीय अनुनादाच्या चित्रात मात्र ती चुकार नळी वरपासून खालपर्यंत पांढऱ्या रेषेसारखी दिसते. शस्त्रक्रियेनंतर ती कोरडी होते. तिच्या आईवडिलांनी तोवर कितीदा तिला ओरडले असेल याचा हिशेब मात्र कोणत्याही चित्रात येत नाही.

उरते ती कागदपत्रांची बाब. अशा मुलाचे निदान एका दिवशी होत नाही. ते तीन-चार वर्षांच्या चित्रांच्या तुलनेतून होते. आणि आपल्याकडे वडिलांची बदली होते, गाव बदलते, रुग्णालय बदलते; इंदूरचे चित्र नागपुरास पोचत नाही आणि नागपूरचे दिल्लीस. नव्या ठिकाणी सारे पहिल्यापासून सुरू होते, मुलास पुन्हा नळी लागते, पुन्हा सुई टोचते. मागील माप आठ होते की बारा, हे ठाऊक नसेल तर आजचे दहा म्हणजे सुधारणा की बिघाड, हे मोठ्यातला मोठा तज्ज्ञही सांगू शकत नाही. म्हणून आईने जन्मापासूनचे सर्व अहवाल आणि फिल्मा तारीखवार एका पिशवीत ठेवाव्यात, मोजमापे एका वहीत उतरून घ्यावीत आणि गाव सोडताना ती पिशवी सामानाच्या ट्रंकेत न टाकता हाताशी ठेवावी. नळी निवळल्यानंतरही काही वर्षे अधूनमधून ध्वनिचित्रण, रक्तदाब आणि लघवीची तपासणी चालू ठेवतात. क्वचित शाळकरी वयात फुगवट पुन्हा डोके वर काढते, आणि त्या वेळी पहिल्या दिवसाचे ते चित्र लागते.